‘नकुशा’ हे दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेलं नाव नाही

व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरणाऱ्या एका मजकुराचा सारांश असा: नकुशा हे आपल्याकडचं जुनं नाव, दगडू, धोंडू, केरबा यांच्यासारखंच ते बाळाला दृष्ट लागू नये म्हणून ठेवतात. ते ठेवलं की पाठीवर मुलगा होतो, असा जुन्या माणसांचा अनुभव आहे. ही चाल अडाणी वाड्यावस्त्यांपुरतीच होती, आणि २०११ साली साताऱ्यात या मुलींची नावं बदलल्यावर विषय मिटला. मी सातारा जिल्ह्यात शिक्षिका आहे आणि हे नाव मी हजेरीत पुकारलेलं आहे. म्हणून हा मजकूर वाचून पुढे ढकलणं मला जमत नाही.

दृष्टीच्या मुद्द्यावर जरा थांबते, कारण सगळ्यांना पटतो तो हाच. दगडू, धोंडू, केरबा, उकिर्डा, कोंडाजी, भिकू ही नावं दृष्ट टाळायला ठेवत असत, हे खरंच आहे. पण ती कोणत्या घरात ठेवत? ज्या घरात आधीची मुलं हाताशी लागली नाहीत, त्या घरात. बाळ सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, दुसऱ्या बाईने ते उचलायचं, आणि आईने मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून परत घ्यायचं. काळाला वाटावं, हे तर टाकलेलं पोर, याला कशाला न्यायचं. नाव जितकं हलकं, तितकं ते मूल घराला जिवापाड हवं असायचं. त्या नावाची लाजही कोणाला वाटत नसे. धोंडो केशव कर्वे याच नावाने महर्षी झाले आणि १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं. मुलींनाही अशी नावं होती, धोंडाबाई, दगडाबाई, भिकाबाई. तीही जगावी म्हणून ठेवलेली.

नकुशाचं तसं नाही. ती येते ती दोन-तीन धडधाकट बहिणींच्या पाठीवर. घरात कोणी दगावलेलं नसतं, कोणाला चकवायचं नसतं. नकोशी, नकुसा, नकुशा, कसंही म्हणा, त्या नावातून देवाला एवढंच कळवायचं असतं की आता मुली पुरे. दगडू म्हणताना आईला तो दगड वाटत नाही. नकुशा म्हणताना मात्र घराला तेच म्हणायचं असतं.

याच जुन्या चालींमध्ये एक नाव आहे नथू. मुलगे जगत नसले की पुढच्या मुलाचं नाक टोचून त्याला नथ घालायचे, म्हणजे काळाला तो मुलगी वाटावा आणि त्याने त्याच्याकडे दुर्लक्ष करावं. दृष्टीच्या नावांचा दाखला देणाऱ्यांनी हा दाखलाही पूर्ण वाचावा. मुलगी असणं हेच तिथे दृष्ट न लागण्याचं कारण धरलेलं आहे. मग तिलाच आणखी दृष्ट लागू नये म्हणून नकुशा म्हणायची गरज कुठून आली?

आता ‘नाव ठेवलं की मुलगा होतो’. असे अनुभव लोकांकडे खरोखर असतात, ते खोटं बोलत नाहीत. फक्त हिशेब अर्धाच केलेला असतो. जन्माच्या वेळी निसर्गतः शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे असतात. आधी चार मुली झाल्या म्हणून पाचव्या खेपेचा हा हिशेब फारसा बदलत नाही. नकुशा नाव ठेवलेली शंभर घरं घेतली आणि सगळ्यांनी आणखी एक मूल होऊ दिलं, तर सुमारे ५१ घरांत मुलगा येईल. उरलेल्या ४९ घरांनी पुन्हा तेच केलं तर आणखी २५ घरांत. दोन खेपांत पाऊणशे घरं झाली, आणि ती सगळी बारशाला सांगणार की नावाचा गुण आला. ज्यांच्याकडे पुन्हा मुलगी झाली ती घरं काही सांगत फिरत नाहीत. हाच आकडा सोनाबाई किंवा लक्ष्मी नाव ठेवलेल्या घरांतही येतो. शिवाय मुलगा झाला की घर थांबतं, त्यामुळे त्याच्या आधीची जी शेवटची मुलगी, तीच ‘भाऊ घेऊन आलेली’ ठरते. मूल मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून एक्स गुणसूत्र येतं की वाय, यावर ठरतं. थोरल्या बहिणीच्या नावाला त्यात शिरायला जागाच नाही. आणि मुलीच झाल्याचा दोष आयुष्यभर आईला लावला जातो, हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

अडाणी वाड्यावस्त्यांचं म्हणाल, तर हेच नाव भारतभर वेगवेगळ्या भाषांत सापडतं. तमिळनाडूत ‘वेंडाम’, म्हणजे सरळ ‘नको’. तिथेच ‘पोदुम्पोन्नु’, पुरे झाल्या मुली. बंगालीत ‘आन्नाकाली’, आणखी नको गं काली. हरियाणात ‘भतेरी’, पुष्कळ झाल्या. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत मुलग्याच्या हव्यासावर एक स्वतंत्र प्रकरण होतं. शेवटचं अपत्य मुलगा की मुलगी, यावरून त्यात अंदाज काढला होता की मुलगा हवा असताना जन्मलेल्या, पंचवीस वर्षांपर्यंतच्या ‘नकोशा’ मुली देशात सुमारे २ कोटी १० लाख आहेत. त्यात पंजाब आणि हरियाणासारख्या सधन राज्यांचं चित्र सगळ्यात वाईट होतं. ज्यांच्या हाताशी पैसा आणि सोनोग्राफी होती त्यांना नाव ठेवण्याची वेळच आली नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला राज्य कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला, केंद्राचा १९९४ साली आला. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. हे काम एकट्या वाड्यावस्त्यांचं नाही.

‘विषय मिटला’ हे अर्धं खरं. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात अडीचशेहून जास्त मुलींचा नामकरण सोहळा झाला, त्यांना नव्या नावाची प्रमाणपत्रं दिली. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली, कोणी सावित्री. तो कार्यक्रम ज्यांनी घडवून आणला त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पण आधीच लग्न होऊन गेलेल्या, मतदार यादीत, सातबाऱ्यावर आणि रेशनकार्डावर नकुशा असलेल्या बायका त्या सोहळ्यात नव्हत्या. प्रमाणपत्र मिळालं तरी चुलत्याच्या तोंडातलं नाव एका दिवसात जात नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती. वहीच्या लेबलावर ‘नाव’ लिहिलेल्या रेघेवर ती फक्त आडनाव लिहायची, पुढे इयत्ता आणि तुकडी अगदी सुवाच्य. हजेरीत तिचा नंबर आला की नाव पुरतं उच्चारायच्या आत ‘हजर’ म्हणायची. तिला हे नाव लाडाचं वाटत होतं असं कोणी मला सांगू नये.

मजकूर पुढे पाठवण्याऐवजी करता येण्यासारखं काम सोपं आहे. जन्म नोंदवताना नाव दिलं नसेल तर पहिल्या १२ महिन्यांत ते विनाशुल्क नोंदवता येतं, पुढे शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. नोंदलेलं नाव बदलायचं असेल तर राज्याच्या राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. अर्ज ऑनलाइन भरता येतो, मुलगी अज्ञान असेल तर पालकांनी भरायचा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव दहावीचा फॉर्म भरण्याआधी दुरुस्त करून घ्या, कारण पुढे गुणपत्रिका आणि दाखला त्याच नावाने निघतात. आणि नवं नाव तिलाच विचारून ठेवा.