आयर्लंडचं सगळं दप्तर जळालं, हे खरं नाही

'1922 च्या आगीत आयर्लंडचं सगळं जुनं दप्तर जळालं, आता तिथले पूर्वज शोधणं व्यर्थ' असा मजकूर फिरतो आहे. आग खरी आहे. यादवी युद्धात 30 जून 1922 रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातलं अभिलेखागार उद्ध्वस्त झालं. 1821 ते 1851 च्या जनगणनांचे बहुतेक कागद तिथेच गेले. पण 1861 ते 1891 च्या जनगणनांचं खापर या आगीवर फोडू नका. त्या सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या.

1864 पासूनच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी वेगळ्या कार्यालयात होत्या, त्या वाचल्या. कॅथलिक चर्चच्या वह्याही बऱ्याच शाबूत आहेत. 1901 आणि 1911 ची जनगणना तर ऑनलाइन फुकट पाहता येते. घरोघरचा मूळ तक्ता समोर येतो: कुटुंबप्रमुखाशी नातं, धर्म, लिहिता-वाचता येतं का. जन्मस्थानाच्या रकान्यात मात्र बहुधा नुसती काउंटीच (म्हणजे जिल्हाच) असते. तेवढ्यावर हताश होऊन शोध सोडू नका, कारण काउंटी कळली की रिचर्ड ग्रिफिथ या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झालेलं 1847 ते 1864 चं जमीन-मूल्यांकन उघडता येतं. कुठल्या वाडीत कूळ म्हणून जमीन कुणाकडे होती आणि ती कुणाकडून घेतलेली, हे त्यात नावानिशी आहे.