नेम मूगडाळीवर, फोकस हरभराडाळीवर

माझ्या डिजिटल एसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या, कॅमेऱ्याला माणसांविषयी आकस मुळीच नाही; त्याला फक्त माणसांच्या किंचित मागे असलेल्या गोष्टींविषयी अधिक आस्था आहे. समोरच्या व्यक्तीच्या डोळ्यावर नेम धरून बटण अर्धे दाबावे, कॅमेऱ्याने 'टिट् टिट्' असा आवाज काढून फोकस मिळाल्याची ग्वाही द्यावी, आणि घरी येऊन संगणकाच्या पडद्यावर पाहावे तर डोळे धूसर आणि कानामागे राहिलेला पावडरचा ओघळ मात्र लख्ख, असा अनुभव मला वारंवार येऊ लागला. यंत्र आहे, चुकायचेच, हे मला मान्य आहे. पण चुकताना ते जो ठामपणा दाखवते तो सहन होत नाही. ज्याला खात्री नाही त्याने 'टिट् टिट्' करू नये, एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

भाच्याच्या मुंजीत हे प्रकरण चार भिंतींबाहेर पडून नात्यागोत्यात गेले. मातृभोजनाच्या वेळी मी ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर, म्हणजे तिचे छिद्र चांगले मोठे, उघडून बटूचे अगदी जवळून फोटो काढले. ते ताईच्या हाती पडले तेव्हा त्यांत बटूच्या कानातल्या भिकबाळीचे मोती इतके स्पष्ट होते, की त्यांच्यामधून गेलेली सोन्याची तारही दिसत होती. बटूचा चेहरा मात्र केवळ अंदाजाने ओळखायचा होता. "अरे, तुला मुलाचे फोटो काढायला बोलावलं होतं, की सराफाची जाहिरात करायला?" असे ताईने विचारले. तिच्या सासूबाईंना मात्र फोटो पसंत पडले, कारण भिकबाळी त्यांच्या माहेरची होती. त्यांनी एका फोटोची मोठी प्रत मागवून घेतली, आणि माझ्या कलेची त्या घराण्यात झालेली ती एकमेव कदर होय.

आता या लेन्सचे असे आहे, की दीड मीटरवरून एफ १.८ वर फोटो काढला, तर माझ्या कॅमेऱ्यासारख्या, फोटो टिपणारा सेन्सर लहान असलेल्या कॅमेऱ्यात जेमतेम सहा सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे सगळे हळूहळू विरत जाते. डोळ्यापासून कानापर्यंतचे अंतर याहून जास्त भरते. म्हणजे फोकस बोटभर जरी मागे सरकला, तरी माणसाचा चेहरा जातो आणि दागिना उरतो.

एकदा दोष जाहीर झाला, की निदान करणाऱ्यांना आमंत्रण लागत नाही. शेजारच्या काकांनी फोटो पाहताक्षणी "तुमचा हात हलला असणार" असा निकाल दिला. या आरोपाविरुद्ध माझ्याकडे भक्कम पुरावा होता. हात हलला असता तर फोटोतले काहीच स्पष्ट आले नसते. जिथे एक गोष्ट धारदार आहे आणि हवी ती धूसर आहे, तिथे हात निर्दोष असून फोकस दोषी आहे, हे भिकबाळीने सिद्ध केले होते. मग काकांनी मोर्चा वळवला आणि ऑटोफोकस हे थेरच मुळात अनावश्यक असल्याचे सांगितले. त्यांच्या रोलच्या कॅमेऱ्यात, पाहण्याच्या काचेच्या मधोमध एक दुभंगलेले वर्तुळ असे. रिंग फिरवून माणसाच्या नाकाचे दोन तुकडे जुळले, की फोकस झाला असे समजायचे. सोय खरोखरच उत्तम होती, पण आजच्या डिजिटल एसएलआरमध्ये ते वर्तुळ सहसा दिले जात नाही, आणि त्याच्याशिवाय नुसत्या डोळ्यांनी एफ १.८ वर हाताने फोकस साधणे हे चाळिशी लागलेल्या माणसाचे काम नव्हे. शिवाय ज्याला काका थेर म्हणतात त्यासाठी माणसे कोर्टापर्यंत गेलेली आहेत. १९८५ साली मिनोल्टाने फोकस शोधणारा सेन्सर आणि लेन्स फिरवणारी मोटर या दोन्ही गोष्टी कॅमेऱ्यातच बसवलेले मॅक्सम ७००० हे मॉडेल आणले, त्यावर हनीवेल या अमेरिकी कंपनीने पेटंटभंगाचा खटला भरला, आणि १९९२ मध्ये मिनोल्टाने पावणेतेरा कोटी डॉलर मोजून तो मिटवला. हे मी काकांना सांगितले. "तेवढ्यात किती रोल आले असते!" असे ते म्हणाले.

ज्या दुकानातून मी कॅमेरा घेतला तिथल्या मुलाने लेन्सच्या पाठीमागचे पितळी रंगाचे ठिपके खोडरबराने घासायला सांगितले. कॅमेरा आणि लेन्स यांचे आपसातले बोलणे या ठिपक्यांतूनच चालते, त्यामुळे ते स्वच्छ हवेत हे खरे. पण खोडरबराची भुकटी ज्या पोकळीत पडेल तिथे आरसा आहे, याचा त्याला विसर पडला असावा. मी कोरड्या, मऊ कापडाने ठिपके पुसले, लेन्सवरचा खटका 'एएफ'वरच, म्हणजे ऑटोफोकसवरच, असल्याची खात्री केली, आणि फोकसबिंदू निवडण्याचे स्वातंत्र्य कॅमेऱ्याकडून काढून घेऊन केवळ मधला बिंदू चालू ठेवला. कॅमेऱ्यावर सोपवले तर तो बहुधा सर्वांत जवळची आणि ठळक कडा असलेली वस्तू निवडतो, मग ती वधूच्या पुढ्यातली समई का असेना.

ही निवड तो कशाच्या बळावर करतो हे समजून घेतले, तेव्हा माझा राग बराचसा वळणावर आला. एसएलआरमधला मुख्य आरसा पूर्ण अपारदर्शक नसतो. थोडा प्रकाश त्याच्यातून आरपार जाऊन पाठीमागच्या छोट्या आरशावर पडतो, आणि तो आरसा हा प्रकाश कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकसच्या सेन्सरकडे वळवतो. तिथे लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा ताडून पाहिल्या जातात आणि त्या जुळण्यासाठी लेन्स कुठे व किती फिरवायची याचा हिशेब होतो. ताडून पाहण्यासाठी काहीतरी खूण हवी. पांढरे कोरे उपरणे किंवा चुना लावलेली भिंत समोर आली, की बिचारी लेन्स घरघरत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि रिकाम्या हाताने परत येते. कडेच्या अनेक बिंदूंना तर एकाच दिशेच्या रेषा कळतात. मी घरातली पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी दांडीवर टाकून पाहिली: पट्टे आडवे असताना कडेचा बिंदू चाचपडत राहिला, उभे केल्यावर तत्काळ 'टिट् टिट्' झाले. मधला बिंदू मात्र दोन्ही दिशांच्या रेषा ओळखणारा असल्याने त्याने सतरंजी कशीही स्वीकारली. मी सतरंजी सहाव्यांदा फिरवत असताना आईने दारातून पाहिले आणि काही न बोलता देवघरात गेली.

तरीही मधल्या बिंदूने डोळ्यावर नेम धरून कान का येतो, हे कोडे उरलेच होते. त्यासाठी न हलणारे साक्षीदार हवे होते, कारण माणूस घेतला की तोच हलला असेल अशी पळवाट कॅमेऱ्याला मिळते. डाळी हलत नाहीत. म्हणून मी जेवणाच्या टेबलावर स्टीलचे तीन डबे तिरप्या ओळीत मांडले: पुढे तूरडाळ, मध्ये मूगडाळ, मागे हरभराडाळ. डब्यांवर बायकोने चिकटवलेल्या नावांच्या चिठ्ठ्या होत्याच. काळ्या शाईतली ती अक्षरे फोकससाठी आदर्श ठरली. कॅमेरा तिपाईवर चढवला, हाताची थरथर टाळण्यासाठी टायमर लावला, मूगडाळीवर नेम धरला. फोटोत मूगडाळ पुसट आणि हरभराडाळ कोरीव आली. प्रत्येक वेळी लेन्स मुद्दाम लांब फिरवून पुन्हा फोकस घ्यायला लावले, तरी कॅमेऱ्याची हरभऱ्यावरची निष्ठा ढळली नाही.

"अहो, मूगडाळीत काय बिघडलंय?" बायकोने काळजीने विचारले. तिला वाटले, मला कीड दिसली.

मग तोच फोटो मी लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे आरसा वर उचलून, मागच्या पडद्यावर बघत काढला. माझ्या कॅमेऱ्यात अशा वेळी तळातल्या सेन्सरला विचारले जात नाही; फोटो टिपणारा मुख्य सेन्सरच प्रतिमा सर्वांत धारदार कुठे होते ते तपासतो. मूगडाळ अशी लख्ख आली, की 'मू'चा उकार लिहिताना पेन अडकले होते हेसुद्धा कळले. निदान पक्के झाले. लेन्स स्पष्ट चित्र देऊ शकते, मुख्य सेन्सर ते टिपू शकतो; बखेडा आहे तो केवळ आरशांच्या वाटेने जाणारे मोजमाप आणि प्रत्यक्ष सेन्सरची जागा यांच्यात. एवढ्याशा फरकाने फोकस मागे जातो.

हे सर्व पुरावे घेऊन मी दुरुस्ती केंद्रात गेलो. टोकन घेऊन बराच वेळ बसल्यावर खिडकीतल्या तरुणाने कॅमेरा हातात घेतला, छिद्र बारीक करून एफ ८ वर नेले, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढला आणि म्हणाला, "सर, फोकस होतोय की." एफ ८ वर, दहा फुटांवरून स्पष्ट पट्टा इतका रुंद होतो, की त्यात तिन्ही डाळी, टेबल आणि प्रसंगी स्वयंपाकघराचे दारही मावेल, हे मी त्याला समजावू लागलो. तो शांतपणे ऐकत होता. डाळींचे फोटो दाखवल्यावर त्याने मला "फूड फोटोग्राफी करता का?" असे विचारले आणि पावतीवर 'तपासले, ठीक आहे' असे लिहून दिले.

उपाय शेवटी माझ्याच कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये, कोणी जाऊ नये इतक्या आतल्या पानावर सापडला. प्रत्येक लेन्ससाठी उणे २० ते अधिक २० असा आकडा देऊन फोकस पुढे किंवा मागे सरकवण्याची सोय तिथे असते. स्वस्त मॉडेलांत ती बहुधा नसते. फोकस मागे जात असेल तर आकडा उणे करायचा. मी थोडा थोडा उणे करत गेलो, तसतशी हरभराडाळ मावळली आणि मूगडाळ उजाडली. एका रविवारी दुपारी मी समाधानाने डबे जागेवर ठेवले. त्याच संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली पुन्हा तपासले तेव्हा फोकस आता तूरडाळीकडे झुकू लागला होता, कारण प्रकाशाचा रंग बदलला की काही कॅमेऱ्यांच्या फोकसच्या सेन्सरचे मतही किंचित बदलते. ज्या जागी फोटो काढायचे आहेत तिथेच हे समायोजन करावे, असा सल्ला काही माहितीपुस्तिकांत दिलेला असतो. याचा अर्थ मी मंगल कार्यालयात कॅमेऱ्याबरोबर डाळींचे डबे घेऊन जावे असा होतो, आणि ताईने त्याला स्पष्ट शब्दांत नकार दिला आहे.

५० मिलिमीटरची लेन्स आता दिवसाच्या उजेडात डोळ्यावर धरली की डोळाच देते. झूम लेन्सचे मात्र निराळे दुखणे निघाले. तिला एकच आकडा देता येतो, आणि तो रुंद दृश्य घेणाऱ्या टोकाला जुळवला की दूरचे जवळ आणणाऱ्या लांब टोकाला फोकस पुन्हा मागे जातो. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे हा तंटा उद्भवत नाही, असे दुकानातल्या मुलाने मला सांगितले आणि लगोलग किंमतही सांगितली. मी घरी येऊन लांब टोकासाठी झूमचा तो एकच आकडा आणखी दोनने उणे केला. मध्यंतरी शेजारच्या काकांनी त्यांच्या नातवाचा डिजिटल एसएलआर आणून दिला आहे. त्याचा फोकस पुढे जातो, अशी त्यांना शंका आहे. त्यांना आमचे तिन्ही डबे हवे होते. बायकोने ते रिकामे करून दिले, आणि तेव्हापासून आमच्याकडे मूगडाळ प्लास्टिकच्या पिशवीत असते.