खुलासा: लेथवाल्यांच्या हातांची खाज लागट नाही

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर, काम करणाऱ्यांच्या हातांची खाज लागट असते, म्हणजे दुसऱ्याला लागते, त्यांचा टॉवेल, ताट वेगळं ठेवा, आणि हात रोज रॉकेलने धुवायला सांगा. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

हा बहुतेक वेळा कामामुळे होणारा त्वचेचा दाह असतो. पाणी मिसळलेलं कूलंट (कापताना धातू थंड ठेवणारं द्रव) तासन्‌तास हातावर राहिलं की कातडीचा तेलकट थर निघून जातो, भेगा पडतात. धातूचा बारीक कीस त्यात ओरखडे काढतो. काहींना निकेल, क्रोमियम, कोबाल्ट किंवा कूलंटमधल्या जंतुनाशकाची ॲलर्जी होते, ती पॅच टेस्टने (संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून करायच्या तपासणीने) कळते. यातलं काहीही दुसऱ्याला लागत नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाचं ताट वेगळं करू नका हो.

रॉकेल, थिनर तर उरलासुरला थरही काढतात. सौम्य साबण, पाणी, मग हात पुसून व्हॅसलीन. हातमोजे वापरा, पण फिरत्या चकजवळ (लेथवर धातू पकडून फिरवणाऱ्या भागाजवळ) कधीच नको, मोजा अडकला तर हात ओढला जातो.

रात्री बोटांच्या बेचक्यांत खाज सुटत असेल आणि घरात इतरांनाही होत असेल, तर मात्र खरूज असू शकते, ती लागते. तेव्हा डॉक्टरांना दाखवा.