शिक्षकांना न भेटता शाळेत माल कसा खपवावा

तुमची कंपनी शाळांना काहीतरी विकते हे ऐकून आनंद झाला. काय विकते ते सांगायची तसदी घेऊ नका. स्मार्ट बोर्ड असो, अ‍ॅप असो, टॅब्लेट असो किंवा शाळेचा सगळा कारभार एका क्लिकवर आणणारं सॉफ्टवेअर असो, सल्ला सगळ्यांना सारखाच लागू पडतो आणि त्यातला पहिला नियम मथळ्यातच देऊन टाकला आहे. शिक्षक खरेदीच्या आड येतात. त्यांना प्रश्न पडतात, तेही फार क्षुद्र. हे सुरू व्हायला किती वेळ लागतो? चार्जिंग कुणी करायचं? नेट गेलं तर पुढे काय शिकवायचं? तुम्ही शिक्षणात क्रांती करायला निघालात आणि हे लोक चार्जरचं विचारतात!

सुदैवाने या बाजाराची रचनाच तुमच्या सोयीची आहे. सही संचालकांची, वापर शिक्षकांचा, डोळे मुलांचे आणि पैसे शेवटी पालकांचे किंवा करदात्यांचे. ही सगळी मंडळी एका खोलीत एकत्र येणार नाहीत, एवढीच काळजी घ्या. जमल्यास त्यांना एकमेकांचे ईमेलही मिळू देऊ नका.

डेमो नेहमी मीटिंग रूममध्येच द्यावा. लॅपटॉप आपला, नेट आपलं, आणि स्क्रीनवरची मुलंही आपणच बनवलेली. ही मुलं गुणी असतात. त्यातलं एकही पासवर्ड विसरत नाही, एकालाही मधेच बाहेर जायचं नसतं, आणि सगळ्यांचे आलेख डावीकडून उजवीकडे चढत जातात. संचालकांना चढता आलेख दाखवला की पुढचं बोलणं फक्त हप्त्यांचं उरतं.

खऱ्या वर्गात मात्र चुकूनही पाऊल टाकू नका. पडलंच, तर काय दिसेल याची कल्पना असू द्या. तास 40 मिनिटांचा. त्यातली पहिली काही मिनिटं आधीच्या विषयाचा फळा पुसण्यात आणि हजेरीत गेलेली. मग टॅब्लेटचं कपाट उघडतं. किल्ली ज्यांच्याकडे असते ते आज रजेवर नसले, तर. दुसरीतल्या एका मुलाला पासवर्ड आठवत नाही, कारण तुमच्या पासवर्डात एक मोठं इंग्रजी अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह सक्तीचं आहे, आणि या मुलाला स्वतःचं आडनाव न चुकता लिहायला येऊन जेमतेम महिना झालाय. शेजारच्या मुलीचा टॅब्लेट अपडेट होतोय. 14 टक्क्यांवर येऊन बसलाय. मागून आवाज येतो, ‘बाई, माझं उघडत नाहीये.’ लगेच आणखी तिघांचं उघडेनासं होतं. बाई पासवर्डच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात घेऊन बाकांमधून फिरतायत. अखेर बहुतेकांचं उघडतं, तेव्हा एक कार्टून पोपट येऊन नाचतो आणि स्वागत करतो. हा पोपट वगळून पुढे जायची सोय तुम्ही ठेवलेली नाही, कारण डिझाइनच्या बैठकीत तो सगळ्यांना फार गोड वाटला होता. अपूर्णांकाचं दुसरं उदाहरण सुरू होतं न होतं तोच घंटा होते.

त्या रात्री तुमच्या डॅशबोर्डवर नोंद पडते: सरासरी सहभाग, 31 मिनिटं. लॉगिनची खिडकी उघडी होती तो वेळही त्यात धरलेला असतो. हा आकडा वार्षिक अहवालात मोठ्या टायपात छापायला हरकत नाही.

कुणी इतिहास काढला तर बिचकू नका. थॉमस एडिसनने 1913 साली सांगून टाकलं होतं की शाळांतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, मुलं सिनेमा पाहून शिकतील आणि दहा वर्षांत शाळेचं रूप पार पालटेल. त्या दहा वर्षांना शतक उलटलं, पण वाक्य अजून ठणठणीत आहे. फक्त सिनेमाच्या जागी तुमच्या मालाचं नाव घाला. 2005 साली शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा झाली, ‘प्रत्येक मुलाला एक’. पेरू देशाने असे लॅपटॉप लाखांनी घेतले. 2012 मध्ये आंतर-अमेरिकन विकास बँकेने तिथल्या 319 शाळांचा अभ्यास केला, तेव्हा गणितात आणि भाषेत फरक पडल्याचा पुरावा सापडला नाही. लॉस एंजेलिसच्या शाळांनी 2013 मध्ये 1.3 अब्ज डॉलरच्या योजनेत मुलांच्या हाती टॅब्लेट द्यायला सुरुवात केली. मुलांनी काही दिवसांतच त्यातली बंधनं काढून टाकली आणि पुढच्या वर्षी करार गुंडाळला गेला. यावरून शिकायचंच असेल तर एवढंच शिका की मुलं तंत्रज्ञान फार चटकन आत्मसात करतात. हे वाक्य माहितीपत्रकात वापरता येईल.

संशोधनाचा बाऊ करायचं कारण नाही. युनेस्कोच्या 2023 च्या जागतिक अहवालात एक दिलासा देणारी गोष्ट आहे: अमेरिकेतल्या 17 राज्यांतले शिक्षक आणि प्रशासक यांच्या पाहणीत, माल घेण्याआधी तज्ज्ञांनी तपासलेला पुरावा मागणारे निघाले फक्त 11 टक्के. विक्रेतेही गिऱ्हाइकाचा मान राखून आहेत. ब्रिटनमधल्या शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्यांपैकी यादृच्छिक नियंत्रित चाचणी (म्हणजे चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट पाडायचे, एकालाच माल द्यायचा आणि फरक मोजायचा) करून पाहणाऱ्या फक्त 7 टक्के, असं तोच अहवाल सांगतो. मागणी नाही तिथे पुरवठा करणं हा कुठला धंदा?

तरीही त्या 11 टक्क्यांपैकी कुणी गाठलंच, तर शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूमचं नाव पुढे करा. एकट्या मुलाला स्वतंत्र शिकवणारा मिळाला की ते वर्गातल्या सरासरी मुलाच्या दोन प्रमाण विचलनं (गुणांतला फरक मोजायचं सांख्यिकीतलं माप) पुढे जातं, असं ब्लूमने 1984 मध्ये मांडलं. पुढचं वाक्य तुम्हाला पाठ असेलच: ‘आणि आमचं अ‍ॅप म्हणजे प्रत्येक मुलाचा स्वतंत्र शिक्षक!’ संशोधक कर्ट व्हॅनलेन यांनी 2011 मध्ये बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा माणसाने दिलेल्या शिकवणीचाही परिणाम दोन नव्हे, 0.79 प्रमाण विचलनापर्यंतच निघाला. ही माहिती स्लाइडवर बसत नाही, जागा कमी पडते. कोण पाहून शिकतं, कोण ऐकून आणि कोण करून, यावरून ‘दृश्य’, ‘श्राव्य’ आणि ‘कृतिशील’ अशी मुलांची वर्गवारीही जरूर विका. 2008 मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी या कल्पनेची झडती घेतली आणि शिकवणं तसं वाटून द्यावं याला पुरेसा आधार नाही असा निष्कर्ष काढला. पण तीन रंगांचं गोल चक्र इतकं देखणं दिसतं की टाकवत नाही.

आता बदलत्या वाऱ्याविषयी. जगात 2030 पर्यंत आणखी 4 कोटी 40 लाख शिक्षक लागतील, असा युनेस्कोचा अंदाज आहे. आहेत ते थकलेत, नवे येईनात. याचा तुम्ही लावलेला अर्थ अगदी योग्य: शिक्षकांकडे आणखी एक ॲप शिकून घ्यायला भरपूर वेळ असणार. प्रशिक्षण मात्र एकाच दुपारी उरका, शक्यतो उत्तरपत्रिका तपासायच्या आठवड्यात. शेवटच्या रांगेत बसून सगळे गुण भरत असतील. ते डिजिटल साक्षरतेचंच लक्षण समजा. दुसरं प्रशिक्षण मागितलं तर त्याचं वेगळं बिल लावा.

युनेस्कोच्या त्याच 2023 च्या अहवालानुसार जगातल्या दर चार प्राथमिक शाळांपैकी एकीत वीज नव्हती आणि इंटरनेट जेमतेम 40 टक्के प्राथमिक शाळांत पोहोचलं होतं. त्या शाळांसाठी ‘ऑफलाइन मोड’ असा एक शब्द माहितीपत्रकात टाका. तो सुरू करायला आधी ऑनलाइन यावं लागतं, हे तळटिपेत चालेल.

हवा फिरते तेव्हा मात्र चपळाई हवी. कित्येक देश शाळांतून मोबाइल हद्दपार करतायत. स्वीडनने तर 2023 मध्ये छापील पुस्तकांसाठी पुन्हा पैसे काढले. अशा वेळी तुमच्या स्क्रीनला स्क्रीन म्हणू नका, ‘शिकण्याचा पृष्ठभाग’ म्हणा. न्यूयॉर्कच्या शाळांनी 2023 च्या जानेवारीत चॅटजीपीटीवर बंदी घातली आणि मे महिन्यात ती मागेही घेतली. यातून काढायचा निष्कर्ष सोपा आहे: जानेवारीत कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर विकायचं, जूनमध्ये निबंध लिहून देणारं, आणि दोन्ही एकत्र घेतल्यास सवलत. पहिलं सॉफ्टवेअर अधूनमधून एखाद्या मुलाने स्वतः कष्टाने लिहिलेला निबंधही यंत्राचा म्हणून पकडतं. त्यानंतर मूल रडतं, पालक शाळेत येतात, आणि समोर उभं राहून उत्तर द्यायला बाई असतातच. तुमचा हेल्पलाइन नंबर त्या वेळी व्यस्त असलेला बरा.

मुलांच्या माहितीबद्दल एक सावधगिरी. महासाथीच्या काळात शिफारस झालेली 163 शैक्षणिक उत्पादनं एका अभ्यासात तपासली, तर त्यातली 89 टक्के मुलांवर पाळत ठेवू शकत होती. म्हणजे तुम्ही एकटे नाही. पण पालकांना कुणकुण लागता कामा नये. अमेरिकेत इनब्लूम नावाचा प्रकल्प दहा कोटी डॉलर घेऊन 2013 मध्ये उभा राहिला. विद्यार्थ्यांची सगळी माहिती एका जागी ठेवणार होता. पालक खवळले आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये दुकान बंद. त्यांची चूक कुठे झाली? काय गोळा करणार ते पालकांना कळलं. तुम्ही संमतीपत्र 26 पानी ठेवा आणि सहीची जागा पहिल्याच पानावर द्या. मुलीचा जन्मदिनांक, डोळ्यांचा नंबर आणि बेरजेतल्या चुका एकाच रकान्यात का लागतात, हे कुणी विचारलंच तर ‘वैयक्तिक शिक्षणासाठी’ हे उत्तर पुरतं.

विक्रीचा खरा हंगाम वर्षअखेरीला येतो, जेव्हा मंजूर झालेला निधी खर्च न केल्यास परत जाणार असतो. तेव्हा शाळेला काय हवंय हे विचारत बसण्यात वेळ घालवू नका, कारण त्यांच्याकडेही तो नसतो. तीन वर्षांचा करार पुढे करा. पहिलं वर्ष मोफत ठेवा, म्हणजे हजेरी, गुण, निरोप, गृहपाठ सगळं तुमच्यातच भरलं जाईल. दुसऱ्या वर्षापासून दर वाढवा. कुणी कुरकुर केलीच तर नवं व्हर्जन आल्याचं सांगा. त्यात सगळी बटणं हलवलेली असावीत, म्हणजे पुन्हा प्रशिक्षण आलं.

एखादी शाळा फारच हट्टाला पेटली आणि सोडून जायचं म्हणाली, तर नकार देऊ नका, तो कायद्यात अडकतो. त्यांची सगळी माहिती मोठ्या मनाने परत करा, पण स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये आणि कुठल्याही क्रमाशिवाय. नव्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती एकेक नाव करून हाताने भरावी लागेल. ते काम सुट्टीत शिक्षकच करतील, तेव्हा तुम्हाला त्याची झळ लागायचं काही कारण नाही.