गाडी मिसिंग मारतेय? आधी पंप उतरवा!

कळंबोलीहून माल भरून निघालेली तुमची गाडी कसारा घाटाच्या पहिल्याच चढाला धापा टाकू लागली आहे. मागे पांढऱ्या धुराचा लोट, केबिनमधले गणपतीबाप्पा डॅशबोर्डवर थरथरताहेत, आणि ड्रायव्हर फोनवर सांगतोय, "शेठ, एक सिलिंडर मारत नाहीये." अभिनंदन! आता घाई करू नका. नीट वागलात तर हा एका दुपारचा खेळ तुम्हाला सहज महिनाभर पुरवता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे ड्रायव्हरला काहीही विचारू नका. मिसिंग, म्हणजे सिलिंडरने पेट न घेणं, सकाळी थंड इंजिनाला होतं की लोडवर, गरम झाल्यावर थांबतं की वाढतं, शेवटचं डिझेल कुठे भरलं, डिझेल फिल्टरखालचं पाणी कधी काढलं होतं, असल्या चौकशा केल्या की अर्धा रोग तिथेच सापडतो. मग पुढे बोलायला काय उरणार? त्यापेक्षा त्यालाच दोष द्या. क्लच दाबून बसतो म्हणावं.

आता सल्ला घ्यायला पानटपरीवर जा. तिथले एक गृहस्थ छातीठोकपणे सांगतील, "प्लग साफ करून घ्या." डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो, हवाच साधारण सतरापट दाबून इतकी तापवली जाते की डिझेल आपोआप पेटतं, हे त्यांना सांगू नका. रुडॉल्फ डिझेलने 1893 मध्ये पेटंट घेतलं म्हणून काय झालं, तो काही टपरीवर आला नव्हता.

मग गॅरेज. सहा सिलिंडरचं इंजिन बिनलोडाचं मिनिटाला 700 फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरला दर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला 350 वेळा पेट घ्यावा लागतो. म्हणजे तुमचा एक गडी मिनिटाला साडेतीनशे वेळा गैरहजर आहे. डिझेल मात्र पूर्ण घेतो. बाकीचे पाच त्याला ओढतात, म्हणून गाडी हलते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. प्रश्न एवढाच, सहांतला तो कोण?

इथे गॅरेजचा पोऱ्या नाक खुपसेल. जुनी, साध्या पंपाची गाडी आहे, तर तो म्हणेल, "शेठ, इंजिन चालू ठेवून सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलच्या पाइपचा नट जरा ढिला करून बघू. ज्याचा ढिला केला की आवाज बदलतो तो कामाचा, ज्याचा बदलतच नाही तो चोर." हे सतरा नंबरच्या एका पान्याचं, पाच मिनिटांचं काम आहे. म्हणूनच धोक्याचं आहे. पोऱ्याला ताबडतोब चहा सांगायला पाठवा.

तो गेला की मिस्त्री म्हणेल, "पंपच असणार." होकार द्या. नोझलांना डिझेल पुरवणारा तो पंप उतरवा, कॅलिब्रेशनला, म्हणजे मोजून जुळवून घ्यायला पाठवा. चार दिवस निवांत जातील. पंप परत बसवताना टायमिंग एखादा दाता इकडेतिकडे झालं तर सोन्याहून पिवळं, कारण मग गाडी सहाही सिलिंडरांवर बिघडेल आणि तो एक चोर गर्दीत मिसळून जाईल.

पोऱ्या चहा घेऊन येईल आणि पुन्हा तोंड उघडेल. त्याचं म्हणणं असं की सकाळी थंड इंजिन चालू करून लगेच एक्झॉस्टच्या प्रत्येक नळीवर पाण्याचा थेंब टाकावा. पेटणाऱ्या सिलिंडरची नळी लगेच तापते, थेंब चर्रकन उडतो. मेलेल्या सिलिंडरच्या नळीवर तो नुसता बसून राहतो. तो सापडला की त्याचं नोझल शेजारच्या सिलिंडरला लावायचं. रोग नोझलबरोबर तिकडे गेला तर दोष नोझलचा. जागेवरच राहिला तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट बघायची, मग कॉम्प्रेशन, म्हणजे हवा नीट दाबली जाते का ते. कमिन्सच्या 5.9 लिटरच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात टॅपेटचा गॅप इनटेकला 0.25 आणि एक्झॉस्टला 0.51 मिलिमीटर, हेसुद्धा त्या कार्ट्याला पाठ! शाळा सोडलेल्या मुलाला एवढं माहीत असणं बरं नव्हे. त्याला पुन्हा चहाला पाठवा. या वेळी लांबच्या टपरीवर.

तुमची गाडी बीएस-6 या प्रदूषण नियमांची असेल, म्हणजे एप्रिल 2020 नंतरची, तर काम आणखी सोपं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की त्यावर टिकली चिकटवा. कुणी स्कॅनर लावलाच तर फॉल्ट कोड वाचू देऊ नका, नुसता पुसून टाका. दिवा गेला की रोगही गेला. (नट ढिला करण्याची पोऱ्याची युक्ती मात्र या गाड्यांवर खरोखरच करू नका. यांच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलांना डिझेल देणाऱ्या एकाच नळीत, दाब हजार-दीड हजार बारच्याही वर जाऊ शकतो आणि ती धार कातडीतून आत शिरते. उपरोध गेला खड्ड्यात, हात तुमचे आहेत.)

एवढ्यात गाडी फिरवत राहिलात तर न जळलेलं डिझेल लायनरवरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरेल. डिपस्टिकला डिझेलचा वास येईल, पातळी वाढलेली दिसेल. गाडी ऑइल खात नाही, उलट देते, असं गावभर सांगा. थोड्याच दिवसांत रिंगा, लायनर, बेअरिंग असा रीतसर हिशेब मांडता येतो, आणि जे काम एका नोझलचं होतं ते फुल इंजिनाचं होतं. आता मात्र मिस्त्री मनापासून हसतो.

हेड उतरलं, व्हॉल्व्ह बसले, नवे पिस्टन आले, पंप दोनदा जाऊन आला. नोझल तेवढी जुनीच पुसून, ज्याची त्याला बसवली. त्यांना कोण विचारतो? नारळ फोडा, लिंबू-मिरची बांधा आणि सकाळी थंडगार इंजिनाला सेल्फ मारा.

धक धक धक धक धक... आणि एक गप्प. पांढरा धूर शेडभर.

मिस्त्री म्हणेल, "नवीन इंजिन आहे, रनिंगला बसेल." मान डोलवा. तेवढ्यात पोऱ्या तीन कटिंग घेऊन बॉनेटपाशी येईल, ठेचकाळल्यासारखं करील, आणि अर्धा ग्लास चहा तिसऱ्या नंबरच्या एक्झॉस्टवर सांडेल. बाजूच्या नळ्यांवर शिंतोडे चर्रकन उडतील. तिसरीवर चहा तसाच, सायीसकट.

पोऱ्या तुमच्याकडे बघेल. त्याला झापा. चहा काय फुकट येतो?