बळ्ळारी नाल्यातील जलपर्णी एका फवारणीने जाणार नाही

बेळगाव परिसरातील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, एकदा तणनाशक फवारले की जलपर्णी कायमची जाते, जलपर्णी खाण्यासाठी शास्त्रज्ञ सोडायला सांगतात ते भुंगेरे पुढे भातावर येतील, आणि हे काम महापालिकेचे असल्याने इतरांनी त्यात पडू नये. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात बळ्ळारी नाला तुंबून भात पाण्याखाली जातो, त्यामुळे या संदेशामागचा त्रागा रास्त आहे. दावे मात्र टिकत नाहीत.

फवारणीने पाने वाळतात, हे खरे. परंतु गाळातील बी १५ ते २० वर्षेही जिवंत राहू शकते, आणि सांडपाण्यातून नत्र व स्फुरद मिळत राहिले की उरलेली रोपे दोनेक आठवड्यांत दुप्पट होतात. मेलेले तण पाण्यातच कुजले, तर प्राणवायू घटून मासे मरतात. टू-फोर-डी या तणनाशकाचे तुषार वाऱ्याने काठच्या भाजीपाल्यावर गेले, तर नुकसान शेतकऱ्याचेच.

भुंगेऱ्यांची भीती अधिक खोल आहे, म्हणून तिचे निरसन नीट व्हायला हवे. निओकेटिना प्रजातीचे हे कीटक जलपर्णीप्रमाणेच मूळचे दक्षिण अमेरिकेतले. बंगळूरच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात इतर वनस्पतींवर चाचण्या घेऊन मगच ते सोडले. त्यांच्या अळ्या जलपर्णीचे देठ पोखरून वाढतात आणि कोश पाण्याखालच्या जिवंत मुळांवर होतो. जलपर्णी नसेल तर पुढची पिढीच होत नाही. बंगळूरच्या काही तलावांत त्यांनी हे तण आटोक्यात आणले, पण त्याला काही वर्षे लागली. वाहत्या नाल्यात मात्र ते पुरासोबत वाहून जातील, तेव्हा तिथे पावसाळ्यापूर्वी जेसीबीच हवा.

तिसरा दावा मला सर्वांत घातक वाटतो. तलाव एकदम खरवडला तर भुंगेरेही जातात, म्हणून कोणता पट्टा राखायचा हे शास्त्रज्ञाने सांगायचे. काढलेला ढीग काठावर न ठेवता दूर नेणे पालिकेच्या हाती. आणि कोणत्या मोरीपाशी तण आधी अडते, हे शेतकऱ्यालाच ठाऊक. या तिघांनी धारवाड कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांसह उन्हाळ्यातच नाल्याची पाहणी करावी, आणि प्रक्रियेविना सांडपाणी नाल्यात सोडू नये ही मागणी त्याच बैठकीत लेखी नोंदवावी.