बॅली स्पोर्ट्स बुडालं म्हणून कॉलेजच्या मॅच टीव्हीवरून गेल्या नाहीत

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच घरांतली मुलं तिकडच्या विद्यापीठांत असल्यामुळे तो मराठी ग्रुपांवरही येतो. त्याचं सार असं: ‘बॅली स्पोर्ट्ससारख्या प्रादेशिक क्रीडा वाहिन्या दिवाळखोरीत गेल्या, त्यामुळे कॉलेज कॉन्फरन्सचं टीव्हीवरचं प्रक्षेपण कोलमडलं. पॅक-१२ हा त्याचा पहिला बळी. आता छोट्या कॉलेजांच्या मॅच कुठेच दिसणार नाहीत, आणि मोठ्या कॉलेजांच्या बघायच्या तर स्ट्रीमिंगचे पैसे मोजावे लागणार.’

दिवाळखोरी झाली हे खरं. पॅक-१२ फुटली हेही खरं. पण एकामुळे दुसरं झालं, हे साफ चूक आहे. आणि ही चूक पसरली की दोष भलत्याच्या माथी जातो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

त्याआधी थोडी ओळख. कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट: बिग टेन, एसईसी, एसीसी, बिग १२, पॅक-१२. टीव्हीचे मुख्य हक्क हा गट एकत्र विकतो. प्रादेशिक क्रीडा वाहिनी म्हणजे एखाद्या शहराच्या किंवा राज्याच्या टापूत तिथल्या व्यावसायिक संघांच्या मॅच दाखवणारी केबलवरची वाहिनी. डिस्नेने फॉक्सचा मोठा हिस्सा घेतला तेव्हा सरकारने त्यांना फॉक्सच्या अशा वाहिन्या विकायला लावल्या. २०१९ मध्ये त्यातल्या २१ वाहिन्या सिंक्लेअर या टीव्ही कंपनीने कर्ज काढून घेतल्या. २०२१ मध्ये त्यांना बॅली स्पोर्ट्स हे नाव मिळालं, आणि १४ मार्च २०२३ रोजी त्या चालवणारी डायमंड स्पोर्ट्स ही कंपनी आठ अब्ज डॉलरहून अधिक कर्जासह दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. तिच्याकडे बेसबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकी मिळून ४२ व्यावसायिक संघांचे हक्क होते. कोर्टातली सगळी ओढाताण या संघांच्या पैशांवरून चालली. कॉलेजच्या मॅच तिथे फावल्या वेळेत दाखवायचा माल होत्या.

‘प्रादेशिक वाहिन्या बुडाल्या, म्हणून कॉलेजचं प्रक्षेपण बुडालं.’

असं व्हायचं असतं तर पंधरा-वीस वर्षांपूर्वी झालं असतं, कारण चांगल्या मॅच तेव्हाच या वाहिन्यांच्या हातून जायला लागल्या होत्या. १९८४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कॉलेज फुटबॉलच्या प्रक्षेपणावरची एनसीएएची, म्हणजे कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेची, मक्तेदारी मोडली आणि हक्क विद्यापीठांच्या, पर्यायाने कॉन्फरन्सच्या हाती आले. त्यानंतरची वीसेक वर्षं प्रादेशिक वाहिन्यांची होती. राष्ट्रीय वाहिन्या दोन-तीन मोठ्या मॅच उचलायच्या आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच यांच्याकडे यायच्या. मग कॉन्फरन्सच्या लक्षात आलं की या उरलेल्या मॅचचं स्वतःचं चॅनल काढलं तर केबलवाल्याकडून दर घरामागे महिन्याला पैसे घेता येतात.

३० ऑगस्ट २००७ रोजी बिग टेन नेटवर्क सुरू झालं, फॉक्सबरोबर भागीदारीत. दोनच दिवसांनी, १ सप्टेंबरला, मिशिगनने आपल्या घरच्या मैदानावर ॲपलाचियन स्टेट या खालच्या विभागातल्या संघाकडून ३४–३२ अशी हार खाल्ली. मिशिगन तेव्हा देशात पाचव्या क्रमांकावर होता, आणि शेवटच्या सेकंदांतली त्यांची किक प्रतिस्पर्ध्यांनी अडवली. कॉलेज फुटबॉलमधला हा सर्वांत मोठ्या धक्क्यांपैकी एक, आणि तो मिशिगनमधल्याच असंख्य घरांत दिसला नाही. कारण कॉमकास्ट या मोठ्या केबल कंपनीने अजून बिग टेन नेटवर्क घेतलेलं नव्हतं; दरावरून भांडण चालू होतं. ते पुढच्या वर्षी मिटलं.

लोक ज्याला प्रक्षेपण कोलमडणं म्हणतात ते हेच, आणि ते दिवाळखोरीच्या सोळा वर्षं आधी घडलं. कोणतीही प्रादेशिक वाहिनी बुडालेली नव्हती. कॉन्फरन्सने आपला माल उचलून आपल्या दुकानात नेला होता आणि केबलवाला अडून बसला होता. पुढे २०१४ मध्ये एसईसी नेटवर्क आलं, २०१९ मध्ये एसीसी नेटवर्क. कॉमकास्टने एसीसी नेटवर्क घेईपर्यंत डिसेंबर २०२१ उजाडला. या भांडणांत जेवढ्या मॅच जेवढ्या घरांतून गेल्या, तेवढ्या बॅलीच्या दिवाळखोरीने घालवल्याचं उदाहरण मला कुणी दाखवावं.

‘निदान एसीसीच्या मॅच तरी बॅलीमुळे गेल्या.’

या एका मुद्द्याला खरा आधार आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. एसीसीच्या काही फुटबॉल आणि बास्केटबॉल मॅचचे हक्क रेकॉम या कंपनीकडे होते. रेकॉम त्या आधी फॉक्सच्या, मग बॅलीच्या प्रादेशिक वाहिन्यांना देत असे. पण दिवाळखोरीआधीची तिथली अवस्था बघा. डिश नेटवर्कवरून या वाहिन्या जुलै २०१९ मध्येच गेल्या. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये यूट्यूब टीव्ही आणि हुलूनेही त्या काढून टाकल्या. म्हणजे केबल सोडून इंटरनेटवर गेलेल्या प्रेक्षकाला त्या मॅच, कंपनी कोर्टात जायच्या अडीच वर्षं आधीपासून दिसत नव्हत्या.

आणि दिवाळखोरीनंतर काय झालं? जुलै २०२३ मध्ये त्याच मॅच द सीडब्ल्यूकडे गेल्या. हंगामाला ५० मॅच: १३ फुटबॉल, २८ पुरुष बास्केटबॉल, ९ महिला बास्केटबॉल. पहिली मॅच ९ सप्टेंबर २०२३ ला, सिनसिनाटी विरुद्ध पिट्सबर्ग. द सीडब्ल्यू ही देशभर दिसणारी, हवेतून फुकट मिळणारी वाहिनी आहे. छोटी अँटेना लावली की झालं. जी मॅच एकेका टापूतल्या पैसे भरणाऱ्या घरांपुरती होती, ती प्रादेशिक वाहिनी बुडाल्यामुळे सगळ्या देशाला खुली झाली. ज्या घटनेने प्रेक्षक वाढले तिला प्रक्षेपणाचा अंत कसा म्हणायचं?

‘पॅक-१२ हा पहिला बळी.’

हे वाचलं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण यात शंभर वर्षांहून जुन्या एका कॉन्फरन्सच्या मोडण्याची जबाबदारी ज्यांची होती ते सगळे मोकळे सुटतात.

पॅक-१२ चे मुख्य हक्क ईएसपीएन आणि फॉक्सकडे होते, बारा वर्षांसाठी, सुमारे तीन अब्ज डॉलरना. उरलेल्या मॅचसाठी कॉन्फरन्सने १५ ऑगस्ट २०१२ रोजी स्वतःच्या सात वाहिन्या काढल्या: एक राष्ट्रीय आणि सहा टापूंच्या. ॲरिझोना, बे एरिया, लॉस एंजेलिस, माउंटन, ओरेगन आणि वॉशिंग्टन. बिग टेनने फॉक्सला आणि एसईसीने ईएसपीएनला बरोबर घेतलं, तसं इथे कुणालाच घेतलं नाही; सगळी मालकी स्वतःकडे ठेवली. कागदावर हे फायद्याचं दिसलं. प्रत्यक्षात केबल आणि डिश कंपन्यांशी दराची घासाघीस करताना पाठीशी दांडगा भागीदार नव्हता, आणि डायरेक्ट टीव्हीने या वाहिन्या शेवटपर्यंत घेतल्या नाहीत. ज्यांच्या घरावर डायरेक्ट टीव्हीची डिश, त्यांना आपल्याच विद्यापीठाची मॅच दिसेना.

मग ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए ही लॉस एंजेलिसमधली दोन विद्यापीठं बिग टेनकडे निघाली. लॉस एंजेलिसच हातचं गेल्यावर नव्या करारासाठी दमदार गिऱ्हाईक मिळेना. पुढच्या उन्हाळ्यात ॲपलचा स्ट्रीमिंगचा प्रस्ताव टेबलावर असताना ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात पाच विद्यापीठं बाहेर पडली. पॅक-१२ च्या वाहिन्या ३० जून २०२४ ला बंद झाल्या. या सगळ्यात बॅलीचं नाव कुठे येतं? येत नाही. पॅक-१२ च्या हक्कांच्या वाटाघाटीत ती कंपनी नव्हतीच.

मागे उरलेल्या ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांच्या २०२४ मधल्या घरच्या फुटबॉल मॅच कुठे दिसल्या, तेही लक्षात घ्या: बहुतेक द सीडब्ल्यूवर, दोन फॉक्सवर. अँटेनावर, फुकट.

इथे कुणी विचारेल की प्रादेशिक वाहिन्यांचा आणि कॉन्फरन्सचा संबंधच नाही का? आहे, आणि चांगला घट्ट आहे. पण त्या भरात असतानाचा आहे. अमेरिकेतल्या केबलचं गणित आधी समजून घ्यावं लागतं. भारतात २०१९ पासून ट्रायच्या नियमांमुळे दर चॅनलची किंमत जाहीर असते आणि हवं तेवढंच घेता येतं. तिकडे पॅकेज घेतलं की खेळाच्या वाहिनीचे पैसे त्यातच असतात, मॅच बघा किंवा बघू नका. बिग टेन नेटवर्कला आपल्या राज्यांतल्या घरामागे महिन्याला डॉलरच्या आसपास मिळायचं, बाहेरच्या राज्यांत काही सेंट. त्यामुळे विद्यापीठ कुठल्या राज्यात आहे याला त्याच्या संघाच्या ताकदीपेक्षा जास्त मोल आलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये मेरीलँड आणि रटगर्स बिग टेनमध्ये येणार हे जाहीर झालं ते याच हिशोबाने. रटगर्सचा पिस्कॅटवेचा परिसर एडिसनला लागून, म्हणजे न्यू जर्सीतल्या आपल्या कितीतरी मराठी घरांच्या शेजारी. रटगर्सचा फुटबॉल संघ काही मिशिगनच्या तोडीचा नव्हता. पण त्याच्याबरोबर न्यूयॉर्क भोवतालची लाखो केबल जोडण्यांची घरं येत होती. आणि त्याच आठवड्यात बिग टेन नेटवर्कमधल्या भागीदाराने, फॉक्सच्या मूळ कंपनीने, न्यूयॉर्कच्या येस या प्रादेशिक वाहिनीत ४९ टक्के हिस्सा घेण्याचं जाहीर केलं. येस ही यँकीज या बेसबॉल संघाची वाहिनी, आणि ती हातात असलेल्या माणसाला केबलवाला नाही म्हणू शकत नाही. प्रादेशिक वाहिनीने कॉन्फरन्सचा नकाशा बदलला तो असा.

‘छोट्या कॉलेजांच्या मॅच आता कुठेच दिसणार नाहीत.’

उलट आहे. प्रादेशिक वाहिनीला दिवसाचे चोवीसच तास आणि संध्याकाळी व्यावसायिक संघ ठरलेला. छोट्या कॉन्फरन्सच्या वाट्याला आठवड्याची एखादी मॅच यायची. एप्रिल २०१८ मध्ये ईएसपीएन प्लस ही स्ट्रीमिंग सेवा सुरू झाली तेव्हापासून अशा कॉन्फरन्सच्या मॅच मोठ्या संख्येने तिथे गेल्या. बऱ्याच ठिकाणी प्रक्षेपण विद्यापीठच करतं: कॅमेऱ्यामागे विद्यार्थी, कंट्रोल रूममध्ये रिप्ले लावणारे आणि स्कोअरची पट्टी चालवणारेही विद्यार्थी. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल, हे सगळं यातून दिसायला लागलं.

नुकसान झालं ते वेगळ्या जागी. पॅक-१२ च्या वाहिन्या महिला व्हॉलीबॉल, जिम्नॅस्टिक्स, वॉटर पोलो, बेसबॉल हे सगळं नीट तयारीने, जाणत्या समालोचकांसह दाखवायच्या. वर्षाला साडेआठशेच्या आसपास थेट प्रक्षेपणं व्हायची. त्या खेळांसाठी तो रंगमंच गेला. आणि प्रादेशिक वाहिनी मनावर घेते तेव्हा काय होऊ शकतं हे न्यूयॉर्कच्या एसएनवायने दाखवलंय: यूकॉनच्या (कनेक्टिकट विद्यापीठाच्या) महिला बास्केटबॉल मॅच त्यांनी वर्षानुवर्षं मुख्य कार्यक्रम म्हणून दाखवल्या. हळहळ करायची तर याची करावी.

‘सगळं स्ट्रीमिंगवर गेलं, पैसे मोजा.’

पैशांची तक्रार रास्त आहे. ईएसपीएन प्लस सुरुवातीला महिन्याला ४.९९ डॉलर होतं, २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत ११.९९ झालं. एका विद्यापीठाचा हंगाम पूर्ण बघायला दोन-तीन ठिकाणी पैसे भरावे लागतात, आणि आज कोणती मॅच कुठे हे शोधणं वयस्कर माणसाला खरंच जड जातं. पण ‘सगळं’ हा शब्द चुकीचा. बिग टेनचे सध्याचे मुख्य भागीदार फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी आहेत, तिन्ही अँटेनावर दिसणाऱ्या वाहिन्या. एसीसीच्या त्या ५० मॅचही अजून तिथेच आहेत. मात्र द सीडब्ल्यूचा तो करार २०२६-२७ च्या हंगामापर्यंतच आहे. त्यानंतर त्या मॅच अँटेनावर राहतात की पुन्हा पैशांच्या भिंतीआड जातात, हे रेकॉम आणि एसीसी ठरवतील. ज्यांना काळजी आहे त्यांनी आपल्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला आत्ताच लिहावं.